जुन्या मोटारींतील चोरटी हवा

पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळी आणि कुंभारवाडा या जुन्या कारागिरांच्या वस्त्या आहेत. तांबट आळींत तांब्यापितळेच्या भांड्यांवर मठारकामाचे ठोके पडत असतात. आणि कुंभाराकडून मडकें घेणारी गृहिणी तें बोटाच्या पेरानें वाजवून मगच पैसे देते. मडकें खणखणीत वाजलें तर पक्कें, बद्द वाजलें तर कोठें तरी तडा गेलेला. तडा डोळ्यांस दिसत नाहीं, पण कानास कळतो. याच पेठेच्या बोळांतून, वाड्याच्या दिंडीदरवाज्याशेजारीं, एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखालीं उभी असलेली अजूनहि आढळते. तिच्या एंजिनालाहि असाच न दिसणारा तडा जाऊं शकतो, आणि त्याचा शोधहि पुष्कळसा कानानेंच लागतो. फरक एवढाच कीं, त्या तड्यांतून कांहीं बाहेर गळत नाहीं. बाहेरची हवा आंत शिरते. गॅरेजमधील मिस्त्री 'गाडी हवा घेते' एवढ्या तीन शब्दांत हा रोग सांगतो.

पद्मिनीचें उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय कुटुंबांची ती अनेक वर्षें जिवाभावाची गाडी होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या मुंबईंतील कुर्ला येथील कारखान्यांतून १९६४ पासून इटालियन फियाटच्या धर्तीची 'अकराशें डिलाइट' ही मोटार निघूं लागली. पुढें १९७४ सालीं तिलाच 'पद्मिनी' हें नांव मिळालें. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें साधें एंजिन, एक कार्बुरेटर आणि हातानें उघडतां येईल अशी रचना, हे तिचे गुण. तिचें उत्पादन थांबून आतां सुमारें दोन तपें होत आलीं. मुंबईची टॅक्सी म्हणून तर ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून निवृत्तच झाली. घरगुती गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पांचपांच वर्षांनीं वाढवून घेतां येते. म्हणून कांहीं घरांनीं ती अद्याप जपून ठेविली आहे. परंतु लोखंड टिकलें तरी रबर टिकत नाहीं, आणि कागदी पॅकिंग तर त्याहून कमी टिकतें. अशा गाडीचा जीव पुष्कळदां एंजिनाच्या झिजेनें जात नाहीं. चुकीच्या निदानानें जातो. नळीला गेलेली चीर कोणास सांपडत नाहीं, कार्बुरेटर बदलला जातो, तरी गाडी नीट चालत नाहीं, आणि शेवटीं 'एंजिनांत आतां राम राहिला नाहीं' असें ठरून वडिलांनीं हौसेनें घेतलेली गाडी भंगारवाल्याच्या स्वाधीन होते.

हा रोग समजण्यासाठीं प्रथम एंजिनाचा श्वास समजला पाहिजे. पेट्रोल एकटें जळत नाहीं. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १५ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलास नऊ ते दहा हजार लिटर हवा. हें प्रमाण राखण्याचें काम कार्बुरेटराचें. त्याच्या गळ्यांतून जितकी हवा जाईल, तितक्या बेतानें तो पेट्रोल सोडतो. गळ्याच्या खालीं थ्रॉटलची चकती असते. पाय ऍक्सिलरेटरवरून काढला कीं ती जवळजवळ मिटते. पण पिस्टन तर खालीं येतच असतात आणि हवा मागतच असतात. त्यामुळें चकतीच्या खालच्या नळींत हवा विरळ होते. एंजिन संथपणें चालू असतां तेथील दाब बाहेरच्या दाबाच्या दोन-पंचमांशांच्या आसपास उतरतो. यासच निर्वात म्हणण्याचा प्रघात आहे; वास्तविक तो अर्धामुर्धाच निर्वात होय. आतां या नळीला कोठेंहि छिद्र पडलें, तर बाहेरची हवा तेथून धांव घेते. ही हवा कार्बुरेटराच्या गळ्यांतून आलेली नसते. तिचा हिशेब कार्बुरेटराच्या वहींत नसतो. म्हणून तिच्या वांट्याचें पेट्रोलहि कोणी सोडीत नाहीं. मिश्रण पातळ होतें, आणि एंजिन अडखळूं लागतें.

छिद्र केवढें असलें म्हणजे त्रास होतो, याचा साधा हिशेब मांडतां येतो. पद्मिनीएवढें एंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असतां त्यास दर मिनिटास सुमारें १५० लिटर हवा लागते. एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून मिनिटास आठेक लिटर हवा आंत येते. एवढें एंजिन कसेंबसें सोशीत राहतें. पण छिद्र तीन मिलिमीटरांचें झालें, तर त्याचें क्षेत्र नऊपट होतें, आणि ७० लिटरांच्या आसपास हवा चोरवाटेनें शिरते. म्हणजे जेवण दीडशेंचें आणि पंगतीला सव्वादोनशें पानें, अशी अवस्था. इतक्या दाबाच्या फरकाला छिद्राच्या सर्वांत अरुंद जागीं हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो. म्हणूनच ती सीत्कार करीत जाते, आणि म्हणूनच ती पकडतां येते.

या दोषाची एक खूण फार महत्त्वाची आहे. गाडी उभी असतां थरथरते, स्लो राहत नाहीं, चौकांत बंद पडते. पण रस्त्याला लागली कीं बरी चालते. याचें कारण उघड आहे. थ्रॉटल उघडला कीं नळींतील दाब वाढतो, छिद्रांतून येणारी हवा कमी होते, आणि गळ्यांतून येणाऱ्या मोठ्या प्रवाहापुढें ती क्षुल्लक ठरते. म्हणून सिंहगड रस्त्यानें मोकळेपणीं जाऊन आलेली गाडी शनिवारवाड्यासमोरच्या गर्दींत मात्र दगा देते. उलट, जो दोष वेग वाढला असतां वाढतो, त्याचें मूळ बहुधा दुसरीकडे असतें. पेट्रोलचा पुरवठा किंवा ठिणगी यांकडे तेव्हां पाहावें.

येथें मोह होतो तो कार्बुरेटराच्या स्क्रूचा. स्क्रू थोडा फिरविला, मिश्रण दाट केलें, कीं एंजिनाची धडधड कमी होते, आणि मालकास वाटतें कीं रोग गेला. तो गेलेला नसतो, झांकलेला असतो. छिद्र ज्या सिलिंडराजवळ असेल त्यास पातळ मिश्रण मिळतच राहतें. बाकीच्या तिघांस मात्र गरजेहून अधिक पेट्रोल जातें. एक उपाशी आणि तिघे अजीर्णानें बेजार! पातळ मिश्रण सावकाश जळतें, त्याची उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशीं सांचते, आणि कालांतरानें व्हॉल्व्हची कड करपते. मग खरोखरच एंजिन उघडण्याची पाळी येते. शिवाय दाट केलेल्या मिश्रणामुळें धुरांत कार्बन मोनॉक्साइड वाढतो. भारत स्टेज दोनच्या पूर्वीच्या पेट्रोल मोटारींस पी. यू. सी. तपासणींत त्याची मर्यादा ३ टक्के आहे. ती ओलांडली तर प्रमाणपत्र मिळत नाहीं. अशा रीतीनें नळीला पडलेलें छिद्र कागदोपत्रींहि गाडीला बाद करूं शकतें.

शोधाला आरंभ करण्यापूर्वीं दोनतीन साध्या गोष्टी पाहून घ्याव्या. प्लग, पॉइंट आणि टॅपेटची फट हीं ठीक आहेत ना, हें आधीं पाहिलें नाहीं तर पुढचा सगळा खटाटोप फुकट जाण्याचा संभव असतो. नंतर चारहि प्लग काढून ओळीनें मांडावे आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडराचा हें विसरूं नये. चारहि प्लगांचीं टोकें पांढुरकीं असतील, तर चोरवाट चौघांनाहि सामाईक असलेल्या जागीं, म्हणजे कार्बुरेटराच्या पायाशीं असण्याचा संभव अधिक. तिघांचीं काळीं आणि एकाचें पांढरें असेल, तर त्या एका सिलिंडराकडे जाणाऱ्या वाटेवर डोळा ठेवावा. यानंतर एंजिन चालू करून चोक किंचित ओढावा. चोक ओढल्यानें एंजिन सुधारलें, तर मिश्रण पातळ आहे हें ठरलें. बिघडलें, तर हवेच्या चोरीचा संशय तूर्त सोडून द्यावा.

येथें एक सूचना विसरतां उपयोगी नाहीं. ही परीक्षा बंद देवडींत किंवा दार लावलेल्या गॅरेजांत करूं नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो माणसाला झोपेंतल्या झोपेंत नेतो. गाडी उघड्यावर आणावी, हातब्रेक ओढावा, चाकांना उटी लावावी, आणि पदर, उपरणें किंवा सैल बाही पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावी.

मग पाळी कानाची. सुमारें एक मीटर लांबीची स्वच्छ रबरी नळी घ्यावी. गॅसच्या शेगडीला लावतात तसली नवी नळी चालते. तिचें एक टोंक कानाशीं धरावें आणि दुसरें टोंक संशयाच्या जागांवरून हळूहळू फिरवावें. उघड्या कानाला एंजिनाचे सर्व आवाज एकवटून येतात. नळी मात्र एका जागेचाच आवाज आणते. कार्बुरेटर ज्या पाटावर बसतो त्याचा सांधा, त्याखालचें पॅकिंग, थ्रॉटलच्या दांडीचीं दोन्ही टोंकें, आणि हवेची नळी एंजिनाच्या माथ्याला जेथें मिळते तो सांधा, या क्रमानें जावें. कांहीं एंजिनांत ही नळी माथ्यांतच ओतलेली असते. तेथें हा शेवटचा सांधा नसतोच. चोरवाटेपाशीं नळी आली कीं सापाच्या फुत्कारासारखा बारीक आवाज एकदम मोठा होतो.

कान थकला तर बोटें कामास घ्यावीं. निर्वाताचा उपयोग करणाऱ्या लहान नळ्या गाडीगणिक निराळ्या असतात. कांहीं गाड्यांत एक नळी डिस्ट्रिब्यूटराकडे जाते, कांहींत एक ब्रेकच्या बूस्टराकडे, कांहींत एक एंजिनांतील तेलाची वाफ परत नेते. १९५० पूर्वींच्या कित्येक अमेरिकन मोटारींत तर कांच पुसणारे वायपरहि निर्वातावरच चालत. बोरघाटाच्या चढणीवर ऍक्सिलरेटर दाबला कीं निर्वात कमी होई आणि ऐन पावसांत वायपर मंदावत. त्या पिढीच्या चालकांस हें पुरतें ठाऊक होतें. अशी प्रत्येक नळी मुळापाशीं एकेक करून चिमटावी. जी चिमटतांच एंजिन सावरतें, ती नळी किंवा तिच्या पलीकडचें पात्र दोषी. मात्र बूस्टराची नळी फुटलेली आढळली, तर ती बदलल्यावांचून गाडी रस्त्यावर आणूं नये. कारण तेथें प्रश्न स्लोचा राहत नाहीं, ब्रेकचा असतो.

तिसरी रीत थेंबांची. संशयित सांध्यावर तेलाच्या कुपींतून एंजिन ऑइलचे चारदोन थेंब सोडावे. तेथें छिद्र असेल तर तेल आंत ओढलें जाऊन छिद्र क्षणभर बुजतें, आणि एंजिनाचा सूर बदलतो. सूर बदलला ती जागा खडूनें टिपून ठेवावी. याच कामासाठीं कित्येक गॅरेजांत पेट्रोल किंवा कार्बुरेटर साफ करण्याचा फवारा मारतात. परिणाम झटकन् दिसतो, यांत संशय नाहीं. पण गरम एक्झॉस्टवर किंवा उडत्या ठिणगीवर तो पडला तर भडका व्हायला क्षणहि लागत नाहीं. कसब्यासारख्या पेठेंत, जेथें वाड्यांच्या तुळया आणि खांब सागवानी आहेत, आणि बोळांतून अग्निशामक बंब शिरणें कठीण आहे, तेथें हा प्रयोग करण्याचें धाडस कोणीं करूं नये. उदबत्तीचा धूर ओढला जातो कीं नाहीं हें पाहण्याची युक्तीहि कोणी सुचवितात. परंतु उदबत्तीच्या टोंकाला निखारा असतो, आणि कार्बुरेटराभोवतीं पेट्रोलची वाफ असते, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. धुराचीच परीक्षा हवी असेल, तर ज्या गॅरेजांत तिचें यंत्र आहे तेथें जावें. तेथें एंजिन बंद ठेवून अगदीं हलक्या दाबानें धूर नळींत सोडतात, आणि जेथून तो बाहेर येतो ती जागा डोळ्यांस दिसते.

निर्वात मोजण्याचें घड्याळहि या कामीं उपयोगी पडतें. तें नळीला जोडलें कीं आंतील दाब बाहेरच्या दाबाहून किती कमी आहे, हें पाऱ्याच्या इंचांत समजतें. पण पुस्तकांतला आंकडा पुण्यास जसाच्या तसा घेणें बरोबर नाहीं. तोरिचेल्लीनें १६४३ सालीं दाखविल्याप्रमाणें हवेचें वजन पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतें. समुद्रकांठीं तो स्तंभ सुमारें ३० इंचांचा असतो. पुणें समुद्रसपाटीपासून ५६० मीटरांच्या आसपास उंच आहे. येथें तो २८ इंचांच्या जवळपास राहतो. पुणेकरांना दाबमापकाची ओळख नवी नाहीं. १९२८ सालीं हवामानखात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून शिवाजीनगरास आलें, आणि त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. आतां मोटारींच्या पुस्तकांत निरोगी एंजिनाचा आंकडा १७ ते २१ इंच असा दिलेला असतो. तो समुद्रकांठचा आहे. पुण्यास त्यांतून सुमारें दोन इंच वजा केले पाहिजेत. मुंबईस १८ इंच दाखविणारें एंजिन कसब्यांत १६ दाखवील, आणि तरी तें पूर्णपणें निरोगी असेल. हें न कळल्यामुळें, जें नाहीं तें छिद्र शोधण्यांत दिवस जाऊं शकतो. कांटा स्थिर पण त्याहूनहि पुष्कळ खालीं असेल, तर हवेची चोरी किंवा उशिरा पडणारी ठिणगी यांपैकीं एक. कांटा ठराविक तालानें झटके देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह संशयास्पद समजावा.

अलीकडे या निदानांत एक नवा गोंधळ शिरला आहे. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें आणि पुढें तें देशभर रूढ झालें. इथेनॉलमध्यें ऑक्सिजन आधींच असतो; म्हणून जुन्या कार्बुरेटराच्या मापानें सोडलेलें तें पेट्रोल मिश्रण पातळ करतें. लक्षणें चोरट्या हवेसारखींच दिसतात. भेद ओळखण्याची खूण वर आलेलीच आहे: छिद्राचा त्रास एंजिन संथ असतां अधिक, पेट्रोलाच्या जातीचा त्रास सर्व वेगांत थोडाथोडा. जुन्या प्रकारच्या रबराला इथेनॉल मानवत नाहीं, हेंहि लक्षांत घेऊन पेट्रोलच्या नळ्या बदलतांना नव्या इंधनास सोसणाऱ्याच घ्याव्या.

चोर सांपडल्यावर शिक्षा बेताची असावी. नळीला चीर असेल तर चिकटपट्टी गुंडाळूं नये, नळीच बदलावी. पॅकिंग गेलें असेल तर जुन्याचे कण खरवडून काढून एकच नवें घालावें. दोन घातल्यानें दुप्पट बंदोबस्त होत नाहीं, सांधा मऊ पडून पुन्हा ढिला होतो. कार्बुरेटराच्या पाटाला पोळपाटासारखें सपाट राहण्याचें वळण असावें लागतें. पण नट जोरानें आंवळून आंवळून त्याचे कान वांकतात आणि मध्यें फट राहते. त्यावर सरळ पट्टी उभी धरून खालून फिलर गेजचें पातें जातें कीं काय हें पाहावें. जात असेल तर तो घासून सपाट करवून घ्यावा, आणि बसवितांना दोन्ही नट आळीपाळीनें थोडेथोडे आंवळावे. थ्रॉटलच्या दांडीचीं भोकें झिजलीं असतील, तर मात्र घरचा उपाय नाहीं. लेथवर भोंक मोठें करून त्यांत नवें बुश बसविणारा चांगला टर्नर गांठावा. सुटे भाग नाना पेठेंतील दुकानांत विचारावे, आणि तेथें न मिळाल्यास बुधवारीं व रविवारीं भरणाऱ्या जुन्या बाजारांत पाहावे. मात्र तेथून आणलेल्या कार्बुरेटराची दांडी आधीं बोटांनीं हलवून पाहावी, नाहीं तर एक चोर घालवून दुसरा विकत घेतल्यासारखें होईल.

दुरुस्ती झाल्यानंतर, पूर्वीं दाट करून ठेविलेलें मिश्रण पुन्हा योग्य प्रमाणावर आणणें ही शेवटची आणि पुष्कळदां विसरली जाणारी पायरी. एंजिन पुरतें तापल्यावर स्क्रू फिरवून तें संथ आणि सरळ चालूं द्यावें. एकदां थंड एंजिनावर व एकदां तापलेल्या एंजिनावर कान लावून पाहावें. कारण धातु तापून फुगला असतां कांहीं फटी मिटतात आणि कांहीं उघडतात. नंतर घड्याळाचा आंकडा, तारीख आणि बदललेला भाग गाडीच्या वहींत लिहून ठेवावा. पुढच्या वर्षीं गाडी पुन्हा थरथरूं लागली, तर वहींतला आंकडा आणि त्या दिवशींचा आंकडा यांची तुलना करतां येईल, आणि स्क्रूला हात लावण्यापूर्वीं कोठें कान द्यावयाचा हें घरांतल्या कोणासहि कळेल.